रुपयातले नऊ आणे

मुंबईतल्या गिरणी कामगाराच्या पगाराचा मोठा वाटा पोटासाठीच जाई. १९२१-२२ साली सरकारच्या लेबर ऑफिसने सुमारे अडीच हजार कामगार कुटुंबांच्या घरखर्चाची पाहणी केली. फिंडले शिरास यांनी तयार केलेला तिचा अहवाल १९२३ मध्ये निघाला. खर्चाच्या रुपयातले नऊ आणे खाण्यावर जात होते. कामगाराला मिळणारे धान्य तुरुंगातल्या कैद्याला ठरवून दिलेल्या शिध्याहूनही कमी आहे, असे त्या अहवालानेच नोंदवले. दिवसभर साच्यावर उभे राहणाऱ्या माणसाबद्दलची ही सरकारी नोंद आजही अस्वस्थ करते.

अशा हिशेबात चवीपालटाला जागा कुठून असणार? चवीपालट येई तो गावाकडून. कोकणी कामगार घरी मनिऑर्डर करी आणि गावाहून येणारा माणूस गाठोडे आणी: उकडा तांदूळ, कुळीथ, आमसुले, सुकट. ताटातला पालट विकतचा नव्हताच, त्यामुळे तो घरखर्चाच्या कोष्टकातही नीट उमटत नसे. बिऱ्हाड गावी ठेवून आलेले पुरुष खानावळीत जेवत. या खानावळी बहुतेक बायकाच आपल्या खोलीत चालवत, आणि खानावळवाली आपल्याच मुलखातली असली की कोकण्याला भात-कालवण नि घाटावरच्याला भाकरी मिळे. १९४३ मध्ये मुंबईत रेशनिंग आले आणि ही निवडही आखडली. दुकानात येईल ते धान्य शिजवणे भाग पडले. खानावळवाल्यांची संघटना व्हायला मात्र १९७५ साल उजाडले. प्रेमा पुरव यांनी त्या वर्षी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले.

उत्पन्न वाढते तसा खर्चातला अन्नाचा वाटा घटतो, हे जर्मन संख्याशास्त्रज्ञ अर्न्स्ट एंगेल यांनी १८५७ मध्येच दाखवले होते. अन्नातही आधी धान्याचा वाटा घटतो, मग दूध, फळे, अंडी, तयार पदार्थ यांना जागा होते. भारतातही पुढे तेच दिसले: ग्रामीण भागात १९९९-२००० साली खर्चाच्या रुपयातले सुमारे २२ पैसे धान्यावर जात. २०२२-२३ च्या सरकारी घरखर्च पाहणीत विकतच्या धान्यावर पाच पैशांहूनही कमी खर्च दिसला. रेशनवरच्या फुकट धान्याचा त्यात हातभार आहे, तो विसरून चालणार नाही. त्याच पाहणीत पेये आणि तयार खाद्यपदार्थ यांवरचा खर्च मात्र साडेनऊ पैशांच्या वर, म्हणजे धान्याच्या जवळजवळ दुप्पट होता.