सुदुंबऱ्याचा श्रोता

तळेगाव दाभाड्याहून चाकणच्या रस्त्याला लागले की इंदुरी मागे पडते, भंडाऱ्याचा डोंगर दिसू लागतो आणि थोड्याच वेळात सुदुंबरे येते. या रस्त्याला आता कारखान्यांच्या मालमोटारींची इतकी दाटी असते की डोंगराकडे मान वळवायलाही चालकाला सवड मिळू नये. वर्तमानपत्रांतून सुदुंबऱ्याचे नाव अलीकडे वाचायला मिळते ते राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या तळामुळे. कोठे पूर आला, कोठे दरड कोसळली, की येथून तुकड्या निघतात. वारकऱ्यांची ओळख मात्र यापेक्षा पुष्कळ जुनी आहे. त्यांच्या लेखी सुदुंबरे म्हणजे संताजी महाराज जगनाडे यांची समाधी. मार्गशीर्षात पुण्यतिथीचा उत्सव होतो, तेव्हा गाव भरून जाते.

आता संताजी कोण, असे विचारले तर बहुतेक ठिकाणी एका ओळीत उत्तर मिळते: तुकोबांचे लेखनिक. उत्तर चुकीचे नाही, पण पुरेसेही नाही. लेखनिक म्हटले की डोळ्यांसमोर येतो तो पगारी कारकून. संताजी चाकणचे, धंद्याने तेली. हिशेब ठेवावा लागे म्हणून लिहिता-वाचता येत असावे. परंपरा सांगते ती अशी, की चाकणला तुकोबांचे कीर्तन झाले, त्या गर्दीत हा तरुण बसला होता, आणि कीर्तन संपले तरी त्याचे ऐकणे संपले नाही. पुढे चौदा टाळकऱ्यांत त्यांची गणना झाली. म्हणजे लेखनिक ते नंतर झाले. आधी ते श्रोते होते. आपल्याकडे वक्त्यांची चरित्रे कपाटे भरतील इतकी आहेत, पण समोर सतरंजीवर बसून ज्यांनी ऐकले त्यांची बखर कोणी लिहीत नाही. यंदाच्या दिवाळीत फराळाच्या ताटाशी बसून या ऐकणाऱ्यांची थोडी विचारपूस करावी, असे मनात आले.

तुकोबांना श्रोते तरी किती तऱ्हांचे लाभले! वाघोलीचे रामेश्वरभट्ट विद्वान गृहस्थ. शूद्राने वेदार्थ बोलावा हे त्यांना सहन झाले नाही, आणि अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडवण्याची आज्ञा झाली. वह्या तेरा दिवसांनी कोरड्या वर आल्या, ही श्रद्धेची कथा सर्वांना ठाऊक आहे. तिच्याशी वाद घालण्याचे येथे प्रयोजन नाही. पण वह्या नदीच्या तळाशी होत्या तेव्हाही अभंग लोकांच्या तोंडी होतेच, ही गोष्ट चमत्काराइतकीच मोलाची वाटते. बाजारात, शेतात, जात्यावर म्हटले जाणारे शब्द कोणत्या डोहात बुडवणार? आणि याच रामेश्वरभट्टांनी पुढे तुकोबांचे शिष्यत्व पत्करले. आज घरोघर तुकोबांची आरती म्हटली जाते, ती त्यांचीच. म्हणताना शेवटी त्यांचे नाव येते. ते कोणाचे, हे आरती म्हणणाऱ्या दहांपैकी नऊजणांच्या ध्यानातही येत नसेल.

देहूतच मंबाजी नावाचे दुसरे एक श्रोते होते. तुकोबांच्या म्हशीने त्यांच्या बागेची नासधूस केली, तेव्हा त्यांनी काट्यांच्या फोकाने तुकोबांना झोडपून काढले, असे महिपतीने सांगितले आहे. मौज पुढेच आहे. त्या रात्री कीर्तनाला मंबाजी आले नाहीत, म्हणून तुकोबा स्वतः त्यांच्या घरी गेले. मला मारून तुमचे हात दुखले असतील, म्हणून त्यांचे अंग चेपू लागले आणि त्यांना कीर्तनाला घेऊन आले. मारणाऱ्याची जागा रिकामी राहिली तर तीही वक्त्याला जाणवावी, असा हा संबंध होता. मंबाजी मनातून बदलले की नाही, याविषयी मात्र मला शंका आहे. देहूस आलेल्या बहिणाबाईंचा त्यांनी जो छळ केला, त्याची हकीकत बहिणाबाईंनीच आपल्या अभंगांत लिहून ठेवली आहे.

आणि बहिणाबाई! या श्रोत्यांच्या मालिकेतील सर्वांत विलक्षण व्यक्ती बहुधा हीच. वेरूळजवळच्या देवगावची ही ब्राह्मणाची मुलगी, लहानपणीच लग्न झालेली, नवऱ्याबरोबर फिरत फिरत कोल्हापुरास पोहोचलेली. तेथे जयरामस्वामींच्या कीर्तनात तिने तुकोबांचे अभंग ऐकले. स्वतः तुकोबा दूर देहूला. म्हणजे वक्त्याला न पाहता, दुसऱ्याच्या तोंडून, शेकडो मैलांवरून आलेले शब्द तिने ऐकले. आज आपण हातातल्या पडद्यावर दूरच्या माणसाचे बोलणे ऐकतो आणि त्याचे नवल करतो. बहिणाबाईंच्या वेळी ते काम जयरामस्वामींच्या गळ्याने होत असे. तिच्याबरोबर एक वासरू कीर्तनाला येई. गर्दीत ते कोणी बाहेर काढले, तेव्हा ते हंबरू लागले, आणि जयरामस्वामींनी त्यालाही श्रोता मानून आत आणवले. घरी मात्र या ऐकण्याची किंमत मोजावी लागली. शूद्राला गुरू मानणारी बायको नवऱ्याला सोसवेना. मारहाण झाली, बांधून ठेवणे झाले. तरीही तिने ऐकलेले सोडले नाही. शेवटी नवराच देहूला यायला तयार झाला.

आता दोनशे वर्षे ओलांडून मुंबईच्या समुद्रकिनारी यावे.

मधल्या काळात छापखाना आला, इंग्रजी राज्य आले, आणि मंदिराच्या मंडपाशेजारी एक नवीनच जागा निर्माण झाली: सभा. १८४८ साली एल्फिन्स्टन संस्थेतील शिक्षक आणि विद्यार्थी यांनी साहित्य आणि शास्त्र यांच्या चर्चेसाठी मंडळी काढली, तिची मराठी शाखा म्हणजे दादोबा पांडुरंगांच्या अध्यक्षतेखालील ज्ञानप्रसारक सभा. तेथे निबंध वाचले जात, त्यांवर बोलणे होई. कीर्तनाच्या शेवटी अबीर-बुक्का आणि आरती; सभेच्या शेवटी प्रश्न. हा बदल लहान नव्हता.

१८५७च्या जानेवारीपासून मे महिन्यापर्यंत मुंबईच्या बॅक बेच्या वाळूवर विष्णुबोवा ब्रह्मचारी आणि ख्रिस्ती मिशनरी यांच्यात धर्मावर जाहीर वादविवाद चालले. बोवा कोकणातले, मूळचे विष्णु भिकाजी गोखले. वेदोक्त धर्माचे कैवारी आणि हजरजबाबी. समोर जॉर्ज बोएन यांच्यासारखे मिशनरी. संध्याकाळची हवा खायला येणारे, बंदरावरून परतणारे, नुसतीच गर्दी दिसली म्हणून थांबलेले असे सगळ्या जातिधर्मांचे लोक भोवती जमत. या वादांची हकीकत बोएन यांनी इंग्रजीत छापली, आणि बोवांच्या बाजूचा वृत्तान्तही मराठीत पुस्तकरूपाने निघाला. दोन्ही शेजारी ठेवून वाचावीत. वाद एकच, पण जिंकले कोण, याविषयी दोन्ही पक्षांना तिळमात्र संशय नाही! वाळूत उभ्या राहिलेल्या माणसांपैकी किती जणांचे मत त्या संध्याकाळींनी पालटले, हे सांगायला कोणी मागे राहिले नाही. त्याच मे महिन्यात मीरतेस शिपायांनी उठाव केला आणि देशाचे लक्ष दुसरीकडे वळले.

पुण्यातल्या श्रोत्यांची गोष्ट याहून तिखट आहे. १८७५ हे साल पुण्याच्या सभांच्या इतिहासात लक्षात ठेवण्यासारखे. न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने वसंत व्याख्यानमाला सुरू झाली ती याच वर्षी, आणि याच वर्षीच्या पावसाळ्यात स्वामी दयानंद सरस्वती पुण्यास आले. स्वामी बोलत हिंदीतून. ऐकणाऱ्यांपैकी कोणी ते मराठीत टिपून घेतले, म्हणून त्यांतली पंधरा व्याख्याने आज वाचायला मिळतात. हिंदीत ती नंतर गेली. संताजींचा वारसा असा बुधवार पेठेतल्या टिपणकारांपर्यंत येऊन पोहोचला होता.

पण टिपून घेणारे होते तसे वाट पाहत बसलेलेही होते. स्वामींना निरोप देण्यासाठी सप्टेंबरात हत्तीवरून मिरवणूक निघाली, तेव्हा विरोधकांनी एका गाढवाला सजवून ‘गर्दभानंदा’ची मिरवणूक काढली. चिखल उडाला, दगड आले. स्वामींच्या मिरवणुकीच्या रक्षणासाठी महात्मा फुले आपली माणसे घेऊन उभे राहिले. त्यांचे आणि स्वामींचे मत सर्वस्वी एक होते म्हणून नव्हे. माणसाला बोलू द्यावे म्हणून. रानडे घरी आले ते चिखलाने भरलेल्या कपड्यांनी. रमाबाई रानडे यांनी आपल्या आठवणींत हा प्रसंग नोंदला आहे. न्यायाधीशाच्या अंगावर चिखल! दुसऱ्या कोणी तेवढ्यावर अर्धे शहर कोर्टात खेचले असते. न्यायमूर्तींनी कपडे बदलले.

आज पडद्यावरच्या व्याख्यानाखाली लोक वक्त्याला जे काही म्हणतात, ते वाचून हल्लीच्या पिढीला बोल लावण्याची आपल्यात चाल पडली आहे. मला त्या वेळी हटकून ते गाढव आठवते. फरक इतकाच, की गाढव आणायला माणसाला निदान घराबाहेर पडावे लागे आणि ते हाकताना चारचौघांना तोंड दाखवावे लागे.

गाडगेबाबांनी (१८७६–१९५६) तर श्रोत्यालाच उभे केले. दिवसा गाव झाडायचे आणि रात्री कीर्तन, हा त्यांचा क्रम. त्यांच्या कीर्तनाची घडण ज्यांनी पाहिली त्यांना ती विसरता आली नाही: बाबा विचारणार, आणि समोरची हजारो माणसे एका तोंडाने उत्तर देणार. कर्ज काढून सण का करता, मुक्या जनावराचा बळी देवाला कशाला, मुलाला शाळेत का घालत नाही, असे साधे प्रश्न. पोथीतले ज्ञान वरून खाली सोडण्याऐवजी ते श्रोत्याच्या तोंडूनच काढायचे. एकदा माणूस चारचौघांत मोठ्याने ‘नाही’ म्हणाला, की घरी जाऊन त्याला ‘हो’ म्हणणे जड जाते, हे त्या निरक्षर माणसाने ओळखले होते. पाया पडायला कोणी पुढे आला तर मात्र काठी उगारत.

विज्ञानाच्या व्याख्यानांना अशी जवळीक साधायला वेळ लागला. मराठी विज्ञान परिषद १९६६ साली स्थापन झाली आणि शास्त्रावर मराठीतून बोलण्याला घर मिळाले. पण सर्वसामान्य श्रोत्याच्या मनातले अंतर खऱ्या अर्थाने कमी केले ते जयंत नारळीकरांनी. व्याख्यान कृष्णविवरावर असो की विश्वाच्या उत्पत्तीवर, सभागृहात पत्रिकेचा प्रश्न निघाल्याशिवाय राहत नसे. नारळीकरांनी त्यावर नुसते मत दिले नाही. हुशार मुले आणि मतिमंद मुले यांच्या पत्रिका गोळा करून त्यांनी सहकाऱ्यांसह चाचणी घेतली. सत्तावीस ज्योतिषांनी प्रत्येकी चाळीस पत्रिका पाहून उत्तरे पाठवली, आणि बरोबर उत्तरांचे प्रमाण शेकडा ४६ आले. नाणे उडवले असते तर पन्नासच्या आसपास आले असते. हा निष्कर्ष छापून आला तेव्हा ज्यांना पटायचे त्यांना तो आधीच पटलेला होता आणि बाकीच्यांनी ज्योतिषीच बरोबर निवडले नव्हते असे म्हटले. समुद्रकिनाऱ्याची दोन पुस्तके येथे पुन्हा आठवतात.

मला नारळीकरांची दुसरी एक रीत अधिक आवडते. शाळकरी मुले व्याख्यान संपल्यावर सहीसाठी वही पुढे करीत. ते सही देत नसत. पोस्टकार्डावर एखादा प्रश्न लिहून पाठव, उत्तर देईन आणि त्याखाली सही असेल, असे सांगत. म्हणजे नुसते ऐकून भागणार नाही; घरी जावे, विचार करावा, पोस्टकार्ड आणावे. कित्येक मुले तेथेच गळत असणार. ज्यांनी लिहिले त्यांना उत्तरे आली. २० मे २०२५ रोजी नारळीकर गेले, तेव्हा आज साठीला आलेल्या किती जणांनी जुन्या पेट्या उघडल्या असतील!

डॉ. नरेंद्र दाभोलकरांचे नाव घेतल्याशिवाय ही हकीकत पुरी होत नाही. गावोगावच्या शाळांत, मंगल कार्यालयांत ते बोलत आणि शेवटी प्रश्नांना उत्तरे देत. रागावलेल्या श्रोत्याशीही त्यांचा आवाज चढत नसे. २० ऑगस्ट २०१३ रोजी सकाळी पुण्यात ओंकारेश्वराजवळच्या पुलावर फिरायला गेले असता त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. चिखल आणि गाढव यांपासून येथवर हे शहर एकशे अडतीस वर्षांत आले. ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी त्यांनी उन्हातान्हात वर्षे घालवली, त्याचा वटहुकूम त्यानंतर चारच दिवसांनी निघाला.

२०२० साली टाळेबंदी आली, देहूची पालखी एस.टी.ने पंढरपुरास गेली, आणि कीर्तन, प्रवचन, विज्ञानाचे व्याख्यान ही सगळी एकाच लहानशा पडद्यावर येऊन बसली. आमच्या घरातली वडील मंडळी तेव्हापासून जेवणानंतर काही ना काही ऐकतात. बोलणारा दोन वाक्ये बोलतो न बोलतो तोच एकाचे बोट खाली उत्तर लिहू लागते. शेवटपर्यंत ऐकलेच तर मत कदाचित बदलायचे, ही भीती असावी. पण माझी एक आत्या अशी आहे, की ती व्याख्यान थांबवते, एका जुन्या डायरीत काही टिपते आणि पुन्हा सुरू करते. काय टिपतेस, म्हणून विचारले तर डायरी मिटते.

संताजींच्या वह्या त्यांच्या घराण्याने जपल्या. मुंबई सरकारच्या साहाय्याने १८६९ साली गाथा छापायला घेतली, तेव्हा संपादक पंडितांनी देहू, कडूस, पंढरपूर यांबरोबर तळेगावची प्रतही पाहिली. पुढे १९२०च्या सुमारास वि. ल. भावे यांनी जगनाड्यांच्या वह्यांवरून स्वतंत्र गाथा छापली. त्यात सगळे अभंग नाहीत, पाठांतही फरक आहे, आणि कोणता अभंग अस्सल याचा वाद विद्वानांत अद्याप मिटलेला नाही. तो चालू द्यावा.

सुदुंबऱ्यास सांगतात ती गोष्ट वेगळीच आहे. तुकोबांनी संताजींना शब्द दिला होता, की तुझ्या अखेरीस मूठमाती द्यायला मी येईन. तुकोबा आधी गेले. वर्षे लोटली, संताजींनी देह ठेवला. समाधीत माती लोटली तरी चेहरा झाकला जाईना. नातेवाईक, गावकरी लोटून लोटून थकले. मग रात्री तुकोबा आले, त्यांनी तीन मुठी माती घातली, आणि चेहरा झाकला गेला.