खोटे फासे आणि कोटींचा दंड: गेम हॅक करणाऱ्याला किती शिक्षा व्हावी?

नागपूरवरून बोलतो आहे. आजचा विषय आहे दंड. आधी दोन आकडे ऐका. एका जर्मन कंपनीनं गेममध्ये चिटिंग करायचं सॉफ्टवेअर विकलं, तिला अमेरिकेतल्या कोर्टानं ८५ लाख ६३ हजार ६०० डॉलर्सचा दंड लावला. त्यावेळच्या भावानं जवळपास ५५ कोटी रुपये. वर्ष २०१७. दुसऱ्या एका प्रकरणात, तिथलंच दुसरं कोर्ट, गुन्हा जवळपास तसाच, पण रक्कम ६३ हजार २१० डॉलर्स. म्हणजे साधारण ५२ लाख. वर्ष २०२४.

एकाला ५५ कोटी आणि दुसऱ्याला ५२ लाख, हे कसं काय? आणि यातलं न्याय्य कोणतं? हा प्रश्न वाटतो नवा, पण खेळात लबाडी करणाऱ्याचं काय करायचं यावर आपल्याकडे दोन हजार वर्षांपूर्वी बारकाईनं विचार झालेला आहे. तिथूनच सुरू करू.

विदर्भाचा जावई हरला होता

नल-दमयंतीची गोष्ट आजीकडून ऐकली असेलच. दमयंती आपल्या विदर्भाची राजकन्या, तिचं माहेर कुंडिनपूर. अमरावती जिल्ह्यात वर्धा नदीकाठी कौंडण्यपूर आहे ना, तेच ते, असं मानतात. महाभारताच्या वनपर्वात ही कथा येते. नल राजा भाऊ पुष्कराशी द्यूत खेळतो आणि सगळं राज्य घालवतो. पण तो डाव सरळ नसतो. कली नलाच्या अंगात शिरलेला असतो आणि द्वापर फाशांमध्ये. आजच्या भाषेत सांगायचं तर खेळाडूही हॅक आणि फासेही हॅक.

पुढे नल ऋतुपर्ण राजाकडून अक्षविद्या शिकतो, म्हणजे फाशांचं गणित. मग तो परत येऊन पुष्कराला एकाच डावात हरवतो. आता पुष्कराचं काय करायचं? सूड घ्यायची पूर्ण संधी असते. नल त्याला जिवंत सोडतो, त्याचा वाटा त्याला देतो आणि त्याच्या गावी पाठवतो. जे गेलं होतं ते परत मिळालं, हिशेब संपला.

गोष्ट म्हणून छान आहे. पण राज्य चालवायचं तर प्रत्येक वेळी नलाच्या मोठ्या मनावर विसंबून कसं चालेल? तिथे कायदा लागतो.

कौटिल्याचा अँटी-चीट

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात द्यूतावर स्वतंत्र प्रकरण आहे, तिसऱ्या अधिकरणाच्या शेवटी. मुंबई विद्यापीठानं १९६० च्या दशकात र. पं. कंगले यांनी संपादित केलेली या ग्रंथाची चिकित्सक आवृत्ती काढली. मराठी माणसानं केलेलं हे काम आजही जगभर वापरतात.

कौटिल्याची व्यवस्था अशी. जुगार एकाच ठिकाणी, सरकारी द्यूताध्यक्षाच्या देखरेखीखाली. बाहेर खेळलात तर १२ पण दंड. कवड्या आणि फासे अध्यक्षानंच पुरवायचे आणि तेही शुद्ध, कारण बहुतेक जुगारी लबाडच असतात असं कौटिल्याचं स्पष्ट मत आहे. काय विश्वास आहे बघा युजरवर! आपण सर्व्हरचा कोड लिहिताना हेच गृहीत धरतो: समोरच्या फोनवरून जे येईल ते खोटं असू शकतं.

मग दंडाच्या पायऱ्या येतात. फासे बदलले, तर १२ पण. खेळात लबाडी केली, तर पहिला साहसदंड, म्हणजे ४८ ते ९६ पण, शिवाय जिंकलेलं सगळं परत. आणि फसवणुकीला याच्या जोडीला चोरीची शिक्षा.

हे पण म्हणजे किती? त्याच ग्रंथात राज्याच्या नोकरीतल्या कारागिराचं वेतन १२० पण दिलं आहे आणि ते वर्षाचं असावं असं सहसा मानतात. म्हणजे फासे बदलल्याचा दंड सव्वा महिन्याचा पगार, आणि लबाडीचा दंड साधारण पाच ते साडेनऊ महिन्यांचा. दुखेल असा दंड आहे, पण माणूस त्यातून उठू शकतो.

यात आणखी दोन मुद्दे आहेत आणि मला तेच जास्त महत्त्वाचे वाटतात.

पहिला: अध्यक्ष जिंकलेल्या रकमेवर शेकडा पाच घेतो, वर फाशांचं आणि जागेचं भाडंही. म्हणजे कमिशन घेणाऱ्यावरच शुद्ध फासे पुरवायची जबाबदारी आहे.

दुसरा: द्यूतावरून तक्रार झाली तर हरणाऱ्याला जिंकणाऱ्यापेक्षा जास्त दंड करावा, असं जुन्या आचार्यांचं मत होतं. कौटिल्य म्हणतो, नाही. हरलेल्यालाच दुप्पट दंड केला तर राजाकडे तक्रार घेऊन येणार कोण? हा मुद्दा लक्षात ठेवा, नागपूरला परत आल्यावर लागेल.

इंग्रजांनी काय केलं

मुंबई इलाख्यात १८८७ मध्ये जुगार प्रतिबंधक कायदा आला. त्याचा रोख जुगाराच्या अड्ड्यावर होता: अड्डा चालवणारा दोषी आणि तिथे सापडलेला खेळणाराही दोषी. डाव सरळ होता की खोटा, याच्याशी या कायद्याला फारसं देणंघेणं नव्हतं. साहजिकच, अड्ड्यावर फसवला गेलेला माणूस पोलिसांकडे जाणारच नाही. गेला तर आधी तोच आत! कौटिल्यानं जी भीती सांगितली होती, नेमकी तीच.

आता अमेरिकेचं गणित

आता त्या ५५ कोटींकडे येऊ. कंपनीचं नाव बॉसलँड, जर्मनीतली. ब्लिझार्डच्या वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट, डायब्लो, ओव्हरवॉच या गेम्ससाठी ती बॉट्स आणि चीट्स विकायची. अमेरिकेच्या कॉपीराइट कायद्यात असं आहे की गेमचं तांत्रिक कुलूप तोडणारं साधन विकलं, तर प्रत्येक प्रतीमागे २०० ते २,५०० डॉलर्स भरपाई मागता येते. नुकसान नेमकं किती झालं, ते सिद्ध करायची गरज नाही. ब्लिझार्डनं सर्वात कमी दर मागितला, २०० डॉलर्स. अमेरिकेत विकलेल्या प्रती धरल्या ४२,८१८. करा गुणाकार. बॉसलँडनं शेवटी खटला लढवलाच नाही आणि निकाल एकतर्फी लागला.

२०२३ मध्ये डेस्टिनी २ बनवणाऱ्या बंगी कंपनीचा एक निकाल आला. रोमानियातला चीट विकणारा, ५,८४८ डाउनलोड्स. इथे दर लागला प्रत्येकी २,००० डॉलर्स. झाले १ कोटी १६ लाख ९६ हजार डॉलर्स. वकिलाची फी आणि इतर खर्च धरून १ कोटी २० लाखांवर. आपले जवळपास १०० कोटी. हाही निकाल एकतर्फी.

म्हणजे पहिल्यापेक्षा प्रती सातपट कमी, तरी दंड जास्त. फक्त दर बदलला म्हणून! कोडमध्ये एक शून्य वाढावं आणि कोणाच्या लक्षातही येऊ नये, तसं.

आणि ते ५२ लाख? तोही बंगीचाच खटला, एमजंकीज नावाच्या चीट साइटविरुद्ध. पण इथे प्रतिवादी कोर्टात उभे राहिले आणि २०२४ मध्ये सिएटलला ज्यूरीसमोर सुनावणी झाली. ज्यूरीनं दोषी ठरवलं आणि रक्कम लावली ६३,२१० डॉलर्स, म्हणजे या चीट्समधून झालेली कमाई. कौटिल्याच्या भाषेत, जिंकलेलं परत कर. खरं तर या साइटविरुद्ध आधी लवादाचा ४० लाख डॉलर्सच्या वरचा वेगळा निर्णय होताच. तरी ज्यूरीचा आकडा बोलका आहे. दोन्ही बाजू ऐकून कमाईचा हिशेब झाला की रक्कम जमिनीवर येते.

मोठ्या दंडाची बाजूही ऐका

आता तुम्ही म्हणाल, भाऊ, चीटवाल्यांचा एवढा काय कैवार? बरोबर आहे, त्यांनी केलेलं नुकसान खरं आहे. एमबॉट म्हणजे आपोआप नेम धरणारा प्रोग्राम, वॉलहॅक म्हणजे भिंतीपलीकडचा शत्रू दाखवणारा. एका लॉबीत असा एक भिडू आला की बाकी सगळ्यांचा अर्धा तास मातीत. ई-स्पोर्ट्समध्ये तर करिअर जातं. २०१८ ला शांघायमधल्या स्पर्धेत ऑप्टिक इंडियाचा एक काउंटर-स्ट्राइक खेळाडू चीट वापरताना सापडला. फाइलचं नाव काय, तर वर्ड! त्याच्यावर पाच वर्षांची बंदी आली, पण त्याच्यासोबत अख्खी टीम बरखास्त झाली. बाकी चौघांनी काय केलं होतं?

दुसरा युक्तिवाद असा की शंभर चीटवाल्यांतला एखादाच सापडतो. मग त्या एकाला कमाईइतकाच दंड केला तर धंदा फायद्याचाच राहतो. हे खरं आहे. म्हणूनच कौटिल्य नुसतं जिंकलेलं परत घेऊन थांबत नाही, वर दंडही लावतो. दक्षिण कोरियानं २०१६ मध्ये असे प्रोग्राम बनवणं-विकणं हा गुन्हाच ठरवला: पाच वर्षांपर्यंत कैद किंवा ५ कोटी वॉनपर्यंत दंड. आणि २०२२ च्या सुरुवातीला पबजी मोबाइलवाल्यांनी सांगितलं की अमेरिका आणि जर्मनीतल्या कोर्टांत हॅकर गटाविरुद्ध १ कोटी डॉलर्स मिळाले आणि ते पैसे अँटी-चीट तंत्रावर खर्च करणार.

पण १०० कोटींचा एकतर्फी निकाल वसूल कोणाकडून होणार? ज्याचं नाव-गाव हाती लागतं त्याच्याकडून. निनटेंडोच्या प्रकरणात कॅनडाचा गॅरी बाउझर सापडला. ४० महिन्यांची कैद, शिवाय फौजदारी आणि दिवाणी मिळून १ कोटी ४५ लाख डॉलर्सचं देणं. गटातला प्रमुख मानला गेलेला माणूस अमेरिकेच्या हाती लागलाच नाही. बाउझरच्या पगारातून आता जन्मभर कपात. ही रक्कम कधीच फिटणार नाही, हे कंपनीलाही माहीत आहे. अशी रक्कम इतरांना भीती दाखवायला लावलेली असते आणि तिचा भार मात्र एकाच माणसावर पडतो. नुकसानाशी तिचा संबंध उरत नाही.

मग आपल्याकडे काय?

आपल्या माहिती तंत्रज्ञान कायद्यात, २००० सालच्या, गेमचं नाव कुठे नाही. पण कलम ४३ आहे: परवानगीशिवाय संगणकात शिरणं, बिघाड करणं, त्याची भरपाई. सुरुवातीला मर्यादा १ कोटीची होती. २००८ च्या दुरुस्तीत ती काढली, आणि ५ कोटींपर्यंतचे दावे निवाडा अधिकाऱ्याकडे, त्यावरचे कोर्टात, अशी सोय झाली. हेच काम अप्रामाणिक हेतूनं केलं तर कलम ६६: तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ५ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

मला यातलं सर्वात शहाणं वाटतं ते कलम ४७. भरपाई ठरवताना तीन गोष्टी बघायच्या: आरोपीला किती फायदा झाला, समोरच्याचं किती नुकसान झालं, आणि हे वारंवार केलं का. प्रतींचा गुणाकार नाही. तीन प्रश्न, सरळ.

महाराष्ट्रात हे काम कसं चालतं त्याचं उदाहरण पुण्याचं आहे, गेमचं नाही पण लागू पडतं. पूना ऑटो अँसिलरीज या कंपनीच्या पंजाब नॅशनल बँकेतल्या खात्यातून ८० लाखांवर रक्कम ऑनलाइन चोरांनी वळवली. २०१३ मध्ये राज्याच्या निवाडा अधिकाऱ्यानं बँकेला ४५ लाख द्यायला सांगितले. फसव्या ईमेलला उत्तर दिलं म्हणून थोडी जबाबदारी ग्राहकाची, पण सुरक्षा ढिली ठेवली म्हणून बँकेचीही. फासे पुरवणाऱ्यानं फासे तपासायला हवे होते, हाच न्याय.

आणि आपलं नागपूर. २०२३ मध्ये इथल्या एका व्यापाऱ्यानं पोलिसांत तक्रार दिली की ऑनलाइन गेमिंग अ‍ॅपवर त्याचे ५८ कोटी गेले आणि ते अ‍ॅपच बनावट होतं. गोंदियात आरोपीच्या घरावर धाड पडली, कोट्यवधींची रोकड आणि किलोंनी सोनं निघालं. अरे बाप्पा! हे आरोप आहेत, कोर्ट काय ते ठरवेल. पण विचार करा, इथे हॅक करणारा खेळाडू नसून खुद्द अड्डाच आहे असा आरोप आहे. आणि हे उजेडात आलं ते हरलेला माणूस तक्रार द्यायला पुढे आला म्हणून. २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्यात पैशाचे खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा १ कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे, खेळणाऱ्याला मात्र शिक्षा नाही. १८८७ ची चूक इथे सुधारली, आणि कौटिल्याचा मुद्दा परत आला.

माझा निवाडा

तर राजेहो, मोठा दंड न्याय्य आहे का? माझं मत असं. चीट बनवून विकणाऱ्याची सगळी कमाई काढून घ्या, वर झोंबेल असा दंड लावा, पुन्हा केलं तर वाढवा. जो दोनशे रुपयांत टेलिग्रामवरून चीट घेतो त्या अकरावीतल्या पोराला कोर्ट नको. आयडी आणि फोन बॅन करा, त्याला तेवढं पुरे. आणि प्रत्येक स्किनवर, प्रत्येक पासवर पैसे घेणाऱ्या कंपनीला विचारा, की बाई, तुझे फासे शुद्ध आहेत का? गोळी लागली की नाही हे तू खेळाडूच्या फोनला विचारून ठरवतेस की स्वतःच्या सर्व्हरवर तपासतेस? दार उघडं ठेवून चोराकडून १०० कोटी मागणं मला पटत नाही.

तुमचं मत वेगळं असेल तर व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात ऐकवतो. आणि हो, आज रात्री लॉबीत कोणी भिंतीतून हेडशॉट मारला तर शिव्या देऊ नका, रिपोर्ट करा. तक्रार आली तरच राजाला कळतं. भेटू!