तेर : तेरणाकाठचे जुने तगर

आपल्या वस्तीतून दरवर्षी दीक्षाभूमीला, चैत्यभूमीला माणसे जातात. अजिंठा-वेरूळलाही एखादी गाडी निघते. पण धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) जिल्ह्यातल्या तेरला जायचे सहसा कुणाच्या मनात येत नाही. गाव तेरणा नदीकाठचे, लहानसे. बहुतेकांना ते गोरोबाकाकांचे गाव म्हणून ठाऊक. त्याच गावाच्या पोटात आपल्या इतिहासाचे एक मोठे पान पुरलेले आहे, म्हणून हा लेखप्रपंच.

तेरचे जुने नाव तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेल्या 'पेरिप्लस' या ग्रंथात भडोच बंदरापासून वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांवर तगर, असे सांगितले आहे. तगर हे फार मोठे शहर, असेही त्यात म्हटले आहे. इथले साधे कापड आणि तऱ्हेतऱ्हेची मलमल गाड्यांवर लादून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून भडोचला जाई आणि तिथून समुद्रापार. हे तगर म्हणजेच आजचे तेर, असे फ्लीट या अभ्यासकाने १९०१ साली मांडले. पुढे शिलाहार राजे कोकणात नि कोल्हापुरात राज्य करीत असतानाही स्वतःला 'तगरपुरवराधीश्वर' म्हणवून घेत. राजांनी नाव मिरवले, पण शहराचे नाव परदेशी पोचवले ते सूत कातणाऱ्या आणि माग चालवणाऱ्या हातांनी. त्यांची नावे कुठेच लिहिलेली नाहीत.

ती माणसे भेटतात संग्रहालयात. या संग्रहालयाची गोष्ट मुलांना जरूर सांगावी. गावाभोवती पांढरीची टेकाडे आहेत. पाऊस पडला की माती वाहून जाते आणि मणी, नाणी, खापरे, बाहुल्या वर येतात. गावचेच रामलिंगप्पा लामतुरे यांनी अशा हजारो वस्तू वर्षानुवर्षे गोळा केल्या, जपल्या. त्या विकून टाकल्या असत्या तर आज आपल्या हाती काय उरले असते? त्यांच्याच नावाने शासनाचे संग्रहालय उभे राहिले.

तिथे पांढऱ्या मातीच्या मूर्ती आहेत, शंखाच्या बांगड्या आहेत, रोमन नाण्यांची नक्कल करून केलेली मातीची पदके आहेत. गळ्यात घालायची हौस तेव्हाही होतीच म्हणायची. सगळ्यांत प्रसिद्ध आहे ती हस्तिदंताची स्त्रीमूर्ती. इटलीत पाँपेई नावाचे शहर इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. त्या राखेतून १९३८ साली अशाच धाटणीची भारतीय मूर्ती निघाली. मराठवाड्यातल्याच भोकरदनलाही तशी एक सापडली आहे. तेरची मूर्ती पाहताना हे सगळे लक्षात ठेवले म्हणजे ती नुसती 'छान बाहुली' राहत नाही.

आता बौद्ध अवशेषांविषयी. उत्खननात तेरला विटांच्या स्तूपाचे अवशेष मिळाले. आंध्रातल्या अमरावतीच्या धाटणीचे कोरीव चुनखडी दगडही इथले आहेत. म्हणजे तगरच्या बाजारपेठेत धम्म नांदत होता, याला पुरावा आहे.

त्रिविक्रमाच्या देवळाबद्दल मात्र थोडे जपून बोलावे. हे विटांचे देऊळ मागच्या बाजूने अर्धगोल आहे, कार्ल्याच्या चैत्यगृहासारखे. पुढचा मंडप नंतर जोडलेला. मूळचे हे बौद्ध चैत्यगृहच, असे हेन्री कझिन्स यांच्यापासून अनेकांचे मत. तर असा आकार इतर पंथांच्या मंदिरांनीही वापरला, असे दुसरे काही अभ्यासक म्हणतात. आज तिथे पूजाअर्चा चालते. आमचे म्हणणे एवढेच की तिथे गेल्यावर वाद घालू नये. आकार नीट पाहावा, विटा पाहाव्यात, पोरांना दोन्ही मते सांगावीत. जिथे पुरावा पक्का आहे तिथे ठामपणे बोलावे. स्तूपाच्या विटा असताना आपल्याला ओढाताण करायची गरजच काय?

गोरोबांचे समाधिस्थान नदीकाठी आहे, तेही चुकवू नये. संग्रहालयातल्या हजारो वर्षांपूर्वीच्या मातीकामानंतर एका कुंभार संताच्या दारात उभे राहणे काही औरच. त्याच परिसरात कसबे तडवळे आहे. १९४१ च्या फेब्रुवारीत तिथे महार-मांग वतनदारांची परिषद भरली होती आणि बाबासाहेब स्वतः आले होते. मुक्काम जोडून काढला तर दोन्ही गावे होतात.

गाडी ठरवण्याआधी संग्रहालयाच्या सुट्टीचा वार विचारून घ्यावा. टेकाडावर फिरताना लेकरांच्या हाती मणी किंवा खापर लागले तर ते खिशात न घालता तिथल्या तिथे संग्रहालयात द्यावे. ते कुठे सापडले तेही सांगावे, कारण जागा हरवली की वस्तू अर्धी मुकी होते.