झोपेत जोड सैल होतात का?

झोप कशासाठी, हा प्रश्न फार जुना. पण झोपेत मेंदूतल्या पेशींच्या जोडांचं काय होतं, हे विचारता येऊ लागलं ते एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी. आज आपण या प्रश्नाचा प्रवास बघणार आहोत.

सुरुवात १८९५ सालच्या पॅरिसपासून करू. मातिआस दुव्हाल यांनी कल्पना मांडली, की झोपेत चेतापेशी आपले फाटे आखडून घेतात, संपर्क तुटतो आणि जाग आली की फाटे पुन्हा पसरतात. पुरावा काहीच नव्हता. दोन पेशींमधला जोड, म्हणजे सिनॅप्स, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून स्पष्ट दिसायला १९५०चं दशक उजाडावं लागलं.

दरम्यान १९२४ मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात जेन्किन्स आणि डॅलनबाख यांनी दोन विद्यार्थ्यांकडून निरर्थक अक्षरांच्या याद्या पाठ करून घेतल्या. ८ तासांनी काय आठवतं? झोपून उठल्यावर दहापैकी निम्म्याहून थोडी जास्त, जागं राहिल्यावर जेमतेम एखादं! त्यांचा अर्थ साधा होता: झोपेत नवीन काही आत येत नाही, म्हणून जुनं पुसलं जात नाही. म्हणजे झोप ही नुसती बंद खोली.

१९७३ मध्ये चित्र पालटलं. टिम ब्लिस आणि तेर्ये लोमो यांनी सशाच्या मेंदूत दाखवलं, की जोडावर वेगाने संदेश धाडले तर तो कित्येक तास बळकट राहतो. शिकणं म्हणजे जोड घट्ट होणं, हा विचार रुजला. पण मग बघा, एक अडचण येते. आपण दिवसभर काही ना काही शिकत असतो. जोड घट्टच होत गेले, तर ऊर्जा जास्त लागणार, जागा जास्त लागणार, आणि उद्या शिकायला वाव कुठून राहणार?

जुलिओ तोनोनी आणि कियारा चिरेल्ली यांनी २००३ मध्ये याचं उत्तर सुचवलं: झोपेत जोड एकंदरीने सैल होतात. मग आठवणी जात नाहीत का? गाण्याची पट्टी उतरवली तरी चाल तीच राहते ना, तसंच. सगळे जोड साधारण एकाच प्रमाणात उतरले, तर कोण मोठा, कोण लहान हे नातं टिकतं.

याची परीक्षा उंदरांवर झाली. झोपलेल्या आणि जाग्या उंदरांच्या मेंदूतले ६,९२० जोड मोजले गेले. मोजणाऱ्यांना कुठला तुकडा कुठल्या उंदराचा हे सांगितलेलं नव्हतं. २०१७ मध्ये निष्कर्ष आला: झोपेनंतर जोडांचं क्षेत्रफळ सरासरी १८ टक्क्यांनी कमी. सर्वांत मोठे, सुमारे वीस टक्के जोड मात्र जवळजवळ तसेच राहिले.

इथे गोष्ट संपत नाही. २०१४ मध्येच न्यूयॉर्कमधल्या वेन-बिआव गान यांच्या गटाने दाखवलं होतं, की नवं कौशल्य शिकलेल्या उंदरांमध्ये झोपेत काही ठरावीक फाट्यांवर नवे जोड उगवतात. मग झोप सैल करते की बांधते? कदाचित दोन्ही, वेगवेगळ्या जागी. पण कुठला जोड ठेवायचा आणि कुठला उतरवायचा, ही निवड कशी होते, यावर वाद चालू आहे.

एवढं मात्र आपण म्हणू शकतो: झोप ही नुसती बंद खोली, हा विचार आता मागे पडला. दार लावून आत काम चालू असतं. आता प्रश्न घेऊ या.