तीन पिस्टन, थेंबभर तेल आणि चातुर्मास

ठाणे खाडीकाठचे रबाळे आज औद्योगिक वसाहतीसाठी ओळखले जाते. मुळात ते आगरी-कोळ्यांचे गाव. या पट्ट्यात हळद म्हटली की ब्रास बँड आलाच. त्यातील ट्रंपेटचे कौतुक सारे करतात, त्याच्या पोटातील तेलाकडे मात्र क्वचितच कोणाचे लक्ष जाते.

व्हॉल्व्ह नव्हते तेव्हा साध्या पितळी नळीतून ठरावीक नैसर्गिक स्वरच निघत. हाइनरिश श्टोल्त्सेल आणि फ्रीडरिश ब्ल्यूमेल यांनी १८१८ मध्ये प्रशियात व्हॉल्व्हचे पेटंट घेतले. पुढे १८३९ मध्ये पॅरिसच्या फ्रांस्वा पेरिने यांनी पिस्टनला दिलेले रूप थोड्याफार फरकाने अजून टिकून आहे. पिस्टन दाबला की हवा जादा नळीत वळते आणि स्वर उतरतो: पहिल्याने एक स्वर, दुसऱ्याने अर्धा, तिसऱ्याने दीड.

पिस्टन आणि त्याचे घर यांतील फट केसाच्या जाडीहूनही कमी. तेथील तेल दुहेरी काम करते: घर्षण टाळते आणि हवा गळू देत नाही. 'अलबेला'तील (१९५१) सी. रामचंद्र यांच्या संगीतात गोव्याच्या चिक चॉकलेट यांच्या बँडची जी चपळाई ऐकू येते, ती कोरड्या पिस्टनवर अशक्यच.

पण तेल कोणते? खोबरेल थंडीत थिजते, खाद्यतेल कालांतराने चिकट होते. पेटंट झाले त्या काळी खनिज तेलाचा व्यापारही उभा राहिला नव्हता. थुंकीचा ओलावा ही वादकांची जुनी सोय. पुढे पातळ खनिज तेले रूढ झाली. ही तेले म्हणजे आपल्या रॉकेलचीच शुद्ध भावंडे.

पितळेचा खरा शत्रू मराठी घरांना ठाऊक आहे. कल्हई नसलेल्या भांड्यात आंबट पदार्थ कळकतो; ट्रंपेटला तर आतून कल्हई नसतेच. श्वासाची वाफ, लाळ आणि खाडीची खारी हवा यांनी आत हिरवट थर धरतो. बाहेरून चिंचेने कितीही लखलखवले तरी तो तसाच राहतो.

म्हणून वाद्य वाजवण्याने जितके झिजते, त्याहून अधिक पडून राहिल्याने बिघडते. आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंत लग्ने थांबतात. गणपतीचे दिवस वगळता वाद्ये पेटीत जातात, तीही नेमकी पावसाळ्यात. ओल्या पिस्टनसह ठेवलेले वाद्य तुळशीच्या लग्नानंतर बाहेर काढले, तर बोटाखाली काही हलतच नाही. जोर लावून किंवा पकडीने ओढून पिस्टन सोडवला की त्यावर ओरखडे पडतात आणि ती बारीक फट कायमची रुंदावते. अशा वाद्याला नंतर कितीही तेल घाला, हवा गळतच राहते. हंगामाच्या तोंडावर नवे वाद्य घेणे छोट्या बँडला परवडत नाही.

उपाय मात्र साधा आहे. पेटी बंद करण्यापूर्वी पिस्टन एकेक करून काढावा, कोमट पाण्याने धुऊन मऊ सुती कापडाने पुसावा, चार थेंब तेल लावून त्याच्याच घरात परत बसवावा. पिस्टनवर १, २, ३ हे आकडे त्यासाठीच कोरलेले असतात. घरांची अदलाबदल झाली किंवा पिस्टन किंचित फिरून बसला, तर फुंकर मारूनही आवाज निघत नाही.