मालकीतला दिग्दर्शक

१ जानेवारी १९१८ रोजी नाशिकला हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी सुरू झाली. सिनेमापायी घरातले दागिनेसुद्धा गहाण टाकलेल्या दादासाहेब फाळक्यांच्या मागची कर्जाची विवंचना मिटली आणि दुसरी सुरू झाली. ‘श्रीकृष्णजन्म’, ‘कालियामर्दन’ लोकांनी डोक्यावर घेतले खरे, पण भांडवलवाले भागीदार हिशेब मागत आणि फाळक्यांना हात आखडता घेणं जमेना. अखेर राजीनामा देऊन ते काशीला गेले, तिथं ‘रंगभूमी’ नाटक लिहिलं. पुढं परतले ते त्याच कंपनीत, पगारावर.

हॉलिवूडमध्ये १९१९ साली चॅप्लिन, पिकफर्ड, फेअरबँक्स आणि ग्रिफिथ यांनी यावर तोड काढली: युनायटेड आर्टिस्ट्स ही कंपनीच कलावंतांची. आपल्याकडे असा डाव मांडला कोल्हापुरानं.

बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत तयार झालेली चार माणसं बाहेर पडली आणि १ जून १९२९ रोजी ‘प्रभात’ उभी राहिली. दामले, फत्तेलाल, धायबर आणि शांताराम यांच्याकडे हुन्नर होता; पाचवे भागीदार सीतारामपंत कुलकर्णी, त्यांच्याकडे पैसा. दिग्दर्शक इथं नोकर नव्हता, मालकांपैकी एक होता.

त्याचा अर्थ काय, ते १९३७ च्या ‘कुंकू’त दिसतं. ना. ह. आपट्यांच्या कादंबरीवरचा हा चित्रपट. म्हाताऱ्या विधुर वकिलाशी फसवून लग्न लावलेली नीरा नवऱ्याला नवरा मानायलाच नकार देते. शांता आपटेंची नीरा रडत बसत नाही, भांडते. त्यात शांतारामांनी पार्श्वसंगीतालाच फाटा दिला. जे ऐकू येतं ते घरातलं, रस्त्यावरचं. गाण्यांवर सिनेमे चालत त्या काळात हे धाडस पगारी दिग्दर्शकाला कोणत्या शेठनं करू दिलं असतं? अर्थात गल्ल्याचं पाठबळही होतंच. आदल्याच वर्षी दामले-फत्तेलालांचा ‘संत तुकाराम’ आला होता आणि मुंबईच्या सेंट्रलमध्ये तो वर्षाहून अधिक काळ चालला. त्याच छताखाली शांतारामांना १९३९ साली ‘माणूस’ करता आला: एक पोलीस शिपाई आणि एक वेश्या, आणि शेवट गोड नाही.

पण मालक अनेक असले की मतंही अनेक. धायबर आधीच निघून गेले होते, १९४२ मध्ये शांतारामही निघाले. परळला वाडिया मुव्हीटोनच्या जागेत त्यांनी राजकमल कलामंदिर थाटलं. आता मालक एकच, आणि दिग्दर्शकही बहुधा तोच.

बहुधा म्हणायचं कारण १९४७ चा ‘लोकशाहीर रामजोशी’. राजकमलच्या त्या चित्रपटावर दिग्दर्शक म्हणून नाव लागलं बाबूराव पेंटरांचं. ज्यांच्या कंपनीत शांताराम उमेदवारी करून गेले, ते गुरू आता शिष्याच्या स्टुडिओत काम करत होते.