वाक्यांचे सांधे

इंग्रजी निबंध तपासतांना एक चूक मला वर्षानुवर्षें भेटत आलेली आहे. नागपुरचा चांगला हुशार विद्यार्थी 'दो' या शब्दानें वाक्य आरंभितो आणि उत्तरार्धाच्या तोंडाशीं न चुकतां 'बट' आणून बसवितो. त्या जागीं 'यट' चालतो, 'बट' चालत नाहीं, हें कितीही सांगितलें तरी पुढील निबंधांत तो 'बट' पुन्हां हजर! पूर्वीं मी तो तांबड्या शाईनें खोडून मोकळा होत असें. परंतु 'जरी' आला कीं 'तरी' हवाच, आणि वर 'पण' आला तरी हरकत नाहीं, हा आमच्या भाषेचा जुना रिवाज त्या मुलाच्या हातांत आहे, अज्ञान नव्हे.

हा रिवाज किती जुना, हें पाहण्यास विदर्भाबाहेर जावें लागत नाहीं. तेराव्या शतकाच्या अखेरीस ऋद्धिपुरास म्हाइंभटांनीं लीळाचरित्राची जुळणी केली. त्या गद्यांत वाक्यें लहान आणि सांधे थोडे: 'मग', 'तंव', 'परि', 'तरि'. ज्ञानेश्वरींत, म्हणजे शके १२१२ त, एका उपमेला दुसरी जोडावयाची तर 'कां' आणि 'नातरी' हे शब्द पुढें येतात. कारण आधीं सांगावें आणि मग 'म्हणौनि' म्हणून कार्याकडे वळावें, ही चाल तेव्हांपासूनची.

पुढें फारसीचा अंमल आला. शिवछत्रपतींच्या आज्ञेनें राज्यव्यवहारकोश झाला, त्यांत दरबारीं रुळलेल्या फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले गेले. पण हा सारा झगडा मुख्यतः पदार्थांच्या व अधिकारांच्या नांवांचा. आतां हेंच वाक्य पाहा: 'पदार्थांच्या व अधिकारांच्या' यांतील 'व' फारसीच्या वाटेनें आलेला, आणि 'तो म्हणाला कीं' यांतील 'कीं'ला फारसी वळण आहे, असें पुष्कळ भाषाभ्यासक मानतात. भाषाशुद्धीचे कट्टे अभिमानीही 'व' लिहून फारसीवर टीका करीत आले! एवढ्याशा शब्दाकडे कोणाचें लक्ष जावें?

इंग्रजीनें असा एकही सांधा आम्हांस दिला नाहीं. 'अँड' किंवा 'बट' मराठी लेखनांत रुजले नाहींत. तिनें दिलें तें निराळेंच. १८३६ सालीं दादोबा पांडुरंगांचें व्याकरण निघालें, त्यास इंग्रजी व्याकरणाचा नमुना समोर होता. यास्काला नाम, आख्यात, उपसर्ग आणि निपात एवढे चार वर्ग पुरले होते. आमच्या शाळांत उभयान्वयी अव्यय ही स्वतंत्र जात शिकविली जाऊं लागली. मग भाषांतराचे धडे आले, आणि 'बिकॉज'चा अर्थ 'कारण' असा पाठ झाला.

पण 'बिकॉज' ऐकणाऱ्यास ठाऊक नसलेलें कारण सांगतो. 'सिन्स' बहुधा ठाऊक असलेल्या गोष्टीचा आधार घेतो. 'फॉर' आधीं विधान करून मागाहून त्याचें समर्थन जोडतो, म्हणून तो वाक्याच्या आरंभीं शोभत नाहीं. 'सिन्स'ला आमच्याकडे 'ज्या अर्थीं — त्या अर्थीं' अशी चांगली जोडी आहे, पण ती सरकारी जाहीरनाम्यांत कोंडून पडली. आणि तिघांच्या जागीं एकटा 'कारण' राबतो.

'ऑर'च्या बाबतींत मात्र आपण श्रीमंत आहों. 'चहा घेणार कीं कॉफी?' आणि 'चहा किंवा कॉफी घेणार का?' हे दोन प्रश्न आमच्या घरांतलें मूलही निराळे ओळखतें. पहिल्यास 'हो' म्हटलें तर तें हसेल. इंग्रजीला हा भेद बहुतांशीं स्वरावर सोंपवावा लागतो.

'अनलेस'ला तर एकशब्दी प्रतिशब्दच नाहीं. तेथें आमची क्रियापदेंच सांध्याचें काम करितात: पाऊस पडल्याशिवाय पेरणी होत नाहीं. 'अनलेस'च्या पोटांत नकार आहे हें न ओळखून विद्यार्थी आणखी एक 'नॉट' घालतो, आणि पाऊस न पडल्यास पेरणी करून मोकळा होतो!

मला काळजी वाटते ती या चुकांची नव्हे, उलट दिशेनें होणाऱ्या बदलाची. 'ताप आल्यामुळें आलों नाहीं' असें बोलणारा मुलगा अर्ज लिहितांना 'मी आलों नाहीं, कारण मला ताप आला होता' असें लिहितो. दुसरें वाक्य अशुद्ध नाहीं. परंतु 'आल्यामुळें', 'पडल्यावर', 'गेल्याशिवाय' हे सांधे लेखनांतून असेच विरळ होत चालले आहेत, आणि शब्द सारे मराठीच असल्यामुळें त्याची दाद कोणत्याही कोशांत लागत नाहीं. परवां एका मुलाला मीं तोंडी विचारलें, काल कां आला नाहींस? तो म्हणाला, "सर, पाऊस होता नं, म्हणून नाहीं आलो." तेंच लिहून आण म्हटलें, तर कागदावर 'कारण' मध्यें येऊन बसला होता.